बाजूची सीट

"खेळताना समोरच्या माणसाशी बोलता का तुमी?" फहीमनं सहज विचारलं, आणि मोनालीनंच मान वर केली. प्रश्न तिला नव्हताच. तो कल्याणला होता, तिच्या नवऱ्याला. दुकानातल्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून तो कॉम्प्युटरच्या डब्याच्या काचेतून आत बघत होता. फहीमच्या हातात माईकवाल्या हेडफोनचं खोकं होतं आणि ते त्याला खपवायचं होतं, एवढाच काय तो प्रकार. "बोलतो की," कल्याण म्हणाला. "पण लिहून. मोबाईलवर आवाज अटकतो." फहीमला तेवढंच पाहिजे होतं. "मंग यात बिलकुल अटकणार न्हाई भाई. बराबर फोनसारखं बोलायचं. समोरचा दिल्लीत असू द्या न्हाई तर दुबईत, आवाज सीधा कानात." "जालन्यातलाच हे तो," कल्याण म्हणाला, आणि मान खाली घालून थोडासा हसला. हे हसू मोनालीनं चौदा महिन्यांत घरात पाहिलं नव्हतं. ज्याच्या आठवणीनं तो हसला तो जालन्यातला माणूस म्हणजे ती स्वतः होती, आणि हे त्या दुकानात तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या वर. त्या चढताना कल्याणनं तिचा हात घेतला नव्हता, फहीमचा घेतला होता. डाव्या गुडघ्याखाली आता पाय नाही; पँट दुमडून तिथं पिन लावलेली असते. ती पिन रोज सकाळी मोनालीच लावते, आणि लावताना दोघंही दुसरीकडे बघतात. दुकानात गिऱ्हाइकासाठी दोनच खुर्च्या. एकीवर तो बसला आणि दुसरीवर त्यानं आपल्या कुबड्या आडव्या ठेवल्या. मुद्दाम नाही. त्याच्या हल्ली हे लक्षातच येत नाही की आपल्यासोबत कोणी आहे आणि त्यालाही बसायला लागतं. मोनाली पाऊण तास उभी होती. बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर उभीच असते, त्यामुळे पायांनी अजून कुरकुर केली नव्हती. पण त्या कुबड्यांकडे नजर पुन्हा पुन्हा जात होती आणि दर वेळी वाटत होतं, आपणच उचलून भिंतीला लावल्या तर काय होईल? काहीच झालं नसतं. तरी तिनं उचलल्या नाहीत. फहीम हा नाहिदचा धाकटा भाऊ, आणि नाहिद प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर बिया मोजते, म्हणून हे दुकान. "मेरे भाई के पास जा, फसवणार न्हाई," नाहिद म्हणाली होती. फसवणं हा शब्द कोणी उच्चारला की मोनाली हल्ली दचकते.

तिनं फसवायचं म्हणून काही केलं नव्हतं, हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते तिलाच खोटं वाटू लागलं होतं. कल्याण एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये ऑपरेटर होता, अकरा वर्षं. पाय गेल्यावर काम गेलं आणि हातात मोबाईल आला. खेळ ट्रकचा. दोघांनी मिळून खेळायचा : एकानं ट्रक चालवायचा आणि बाजूच्या सीटवरच्यानं नकाशा बघून रस्ता सांगायचा. घाट, चिखल, मोडके पूल. मध्ये मध्ये धाब्यावर ट्रक थांबतो, तेव्हा दोघांना एकमेकांना लिहिता येतं. कल्याणला नेहमी स्टिअरिंग पाहिजे असे आणि बाजूच्या सीटला कोणी टिकत नसे, हे तिनं चहा ठेवता ठेवता पाहिलं होतं. ती विचारायची, "दुखतंय का?" तो म्हणायचा, "न्हाई." "भाजी काय करू?" "कर काईबी." एवढ्यावर संसार चालला होता. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं तोच खेळ आपल्या मोबाईलवर उतरवला, त्याचं तिथलं नाव शोधलं, 'केदारखेडा ११', आणि बाजूची सीट मागितली. केदारखेडा हे त्याचं गाव, अकरा ही मिलमधली वर्षं. स्वतःचं नाव काय द्यावं हे तिला सुचेना. समोर टेबलावर बियांच्या नमुन्याची रिकामी कापडी पिशवी होती, वीतभर लांब. अशा नमुन्यांची मुदत संपली की बिया टाकून देतात आणि पिशव्या बायका धुऊन घरी नेतात. डाळ-तांदळाला त्या चालत नाहीत, औषधाचा वास जाता जात नाही. पण मोबाईल ठेवायला झकास. त्या पिशवीवर शिवलेल्या लेबलावर जे छापलं होतं तेच तिनं उचलून टाकलं : लॉट २२१८.

पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, "कोण भाऊ?" तिनं लिहिलं, "जालन्याचाच. कंपनीत असतो." असतो, असं स्वतःबद्दल लिहिताना तिला तेव्हा गंमत वाटली होती, शाळेत नाटकात मिशी लावली होती तशी. दोन महिन्यांत त्याची किती सवय झाली. येतो, थांबतो, दमलो. दुपारी दीड ते दोन, आणि संध्याकाळी घरी न्यायच्या टेम्पोत बसल्यावर पाऊण तास. तिच्या सुट्टीच्या दिवशी तो माणूस खेळायला येत नसे. कल्याण त्याला काय काय सांगे. नसलेल्या पायाची बोटं खाजवतात आणि खाजवायला हात गेला की चादर लागते. मिलमध्ये एकदा तापलेली लाल सळई रोलमधून सुटून त्याच्या कमरेजवळून गेली होती आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. तिथं वाचलो आणि पाय रस्त्यावर गेला, असं तो लिही. हे सगळं तिनं टेम्पोत वाचायचं, मोबाईल पिशवीत टाकायचा, घरचं दार उघडायचं, आणि तोच माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा. "आलीस?" "आले." संपलं. तिला हेवा वाटायचा. कोणाचा, तर स्वतःचाच, आणि ही गोष्ट कोणाला सांगून कळणार होती?

"भाभी, हे बघा," फहीमनं काउंटरवरच्या कागदावर तीन रेघा ओढल्या. "एक, सिरफ घरच्या कामाचा. फॉर्म भरा, टायपिंग करा, प्रिंट काढा. दुसरा, गेमिंगचा. आन् हा तिसरा, बीचवाला. यात ग्राफिक कार्ड लहान टाकतो, पुढं मोठं टाकता येतं. पण पॉवर सप्लाय आजच चांगला घ्या, आपल्याकडं लाइटीचा भरोसा न्हाई." तिनं आधी पहिलाच ठरवला होता. कंपनीतल्या साहेबांनी शब्द दिला होता की बीजोत्पादनाच्या प्लॉटच्या नोंदी, म्हणजे शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पेरणीची तारीख, असलं भरायचं काम कल्याणला घरी बसून देऊ. त्यापुरतं यंत्र, खेळ चालला तर चालला. पण हे ठरलं ते अकरा दिवसांपूर्वी तिला जे कळलं त्याच्या आधी. "मोठंच टाका," ती म्हणाली. "ग्राफिक कार्ड?" "हो. आन् ते रॅम का काय, तेबी जास्तीचं." कल्याणनं मान वळवली. "एवढं कशाला? नोंदी भरायला एवढं लागत न्हाई." "लागंल म्होरं." "काय लागंल?" तिनं रेघांचा कागद फहीमकडे सरकवला. फहीम म्हणाला, "भाई, भाभी दिलदार हे, तुमी कशाला बोलता?" आणि लगेच मोठ्या पडद्याची गोष्ट काढली. कल्याण तिच्याकडे बघतच राहिला. कोणी न मागता ताटात जास्त वाढलं की जेवणारा वाढणाऱ्याकडे बघतो, तसं.

ती पाप फेडायला आली होती, सरळ सांगायचं तर. आणि फेडताना हेही दिसत होतं की यंत्र जितकं चांगलं, तितका तो जालन्यातला माणूस लवकर मरणार. घरी हे बसलं, माईक लागला, की कल्याण पहिल्याच दुपारी म्हणणार, भाऊ, आता बोल की तोंडानं. मग काय करायचं? नाहिदच्या फहीमला मागं बसवून बोलायला लावायचं? असले विचारही तिच्या डोक्यात येऊन गेले होते. माणूस गायब करायचा म्हटलं तर एका बोटाचं काम होतं. पण तो गायब झाला की कल्याणला बोलायला या जगात कोणी उरत नव्हतं. स्वस्तातला घ्यावा तर माईक नाही, आवाज नाही, बाजूची सीट शाबूत. पण स्वस्तातला घ्यायला जीभच उचलत नव्हती. गेल्या अकरा दिवसांपासून कल्याणसमोर कुठलीही गोष्ट कमीची ठेवणं तिला जमत नव्हतं. भाकरीवर तूपसुद्धा ती दोनदा वाढत होती.

पाय गेला तो कुत्र्यामुळे, हे सगळ्या नात्यागोत्याला पाठ होतं. कल्याण वडलांच्या, कडूबांच्या, डोळ्यांचं औषध घेऊन केदारखेड्याला निघाला होता. भोकरदन रोडला कुत्रं आडवं आलं, त्याला चुकवायला गेला, आणि गाडी उभ्या टेम्पोवर गेली. हेच त्यानं पोलिसांना सांगितलं, हेच दवाखान्यात, हेच गावाला. सासूबाईंनी त्या कुत्र्याच्या सात पिढ्या काढल्या. मोनालीनंही मनातल्या मनात कमी शिव्या दिल्या नव्हत्या. किती तरी दिवस तिला रस्त्यावरचं कुठलंही कुत्रं बघवत नव्हतं. फक्त एक बारीकशी गोष्ट तिच्या डोक्यात नोंदली गेली होती, कारण नोंदणं हाच तिचा धंदा. दवाखान्यात तो म्हणाला होता काळं कुत्रं, आणि पुढं धावड्याच्या आत्या भेटायला आल्या तेव्हा म्हणाला तांबडं. दुखण्यात माणूस काहीही बोलतो, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

आणि मग अकरा दिवसांपूर्वीचा तो दुपारचा दीड. डबा उघडाच होता, एक घास तोंडात होता. खेळातला ट्रक धाब्यावर थांबला आणि कल्याण लिहायला लागला तो थांबेचना. "तुला एक सांगतो भाऊ. कुत्रंबित्रं काई नव्हतं. बायकोचा फोन आल्ता. खिशातून काढला, तिचं नाव बघितलं, उचलायला गेलो आन् म्होरं टेम्पो. तिला सांगितलं न्हाई. तिला कळलं तर ती जित्तेपणी मरंल. म्हणून मी तिच्यासंग जास्त बोलतच न्हाई. बोलायला लागलो की एखाद्या दिवशी तोंडातून निघून जाईल, ही भीती वाटती." जरा वेळानं आणखी एक ओळ आली. "तिनं फोन कशाला केल्ता तेवढं आजपतूर समजलं न्हाई. विचारू कसं?" तिनं काय उत्तर द्यावं? तिनं लिहिलं, "अरे बापरे." डबा बंद करून ती टेबलावर आली. तिथं भेंडीच्या शंभर बियांचा ओला कागद उलगडायचा होता : किती रुजल्या, किती मेल्या, आणि किती कडक राहिल्या. कडक बी मेलेलं नसतं, ते नुसतं पाणी आत घेत नाही, आणि त्याचा रकाना वेगळा. तिनं तीन वेळा मोजलं आणि तीनही वेळा बेरीज शंभर आली नाही. शेवटी नाहिदनं तिच्या हातातला चिमटा काढून घेतला, "तू बैस," म्हणाली, आणि स्वतः मोजून दिलं.

फोन केला होता हे तिला आठवत होतं. पाच वाजून बारा मिनिटं. त्यानं उचलला नाही, म्हणजे तोवर अपघात होऊन गेला असेल असंच तिनं चौदा महिने धरून ठेवलं होतं. पण केला कशाला होता? त्या दुपारपासून ती हेच उकरत होती. टेम्पोत, चुलीपाशी, लेबलं लिहिताना. दुधाची पिशवी आणायची होती? पण तो तर गावाला चालला होता. गावाहून येताना तूर आणा, असं सांगायचं होतं? तूर तर घरात होती. कडूबांच्या औषधाच्या बाटल्या दोन होत्या, एकच नेली, म्हणून? नाही, दोन्ही पिशवीत तिनंच घातल्या होत्या. कोणी आजारी पडलं असतं, कोणी गेलं असतं, काही अडून बसलं असतं, तर निदान कारण तरी होतं. एका पायाच्या तोलाचं काही तरी कारण तिला पाहिजे होतं, आणि सापडत होतं ते हे, की बहुतेक उगीच. कंपनी सुटली होती, टेम्पो आला नव्हता, हातात मोबाईल होता. मग तिनं एखादं कारण रचून ठेवावं असंही ठरवून पाहिलं. पाच कारणं रचली. पाचही इतकी बरी होती की कोणालाही पटली असती, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"भाई, एकदा चालवूनच बघा," फहीम म्हणाला. टेबलावरचा तयार कॉम्प्युटर त्यानं सुरू केला, मोठा पडदा उजळला. ट्रकचा खेळ त्यात होताच. जालन्यात पुष्कळ जण खेळतात म्हणे. "तुमचं नाव टाका, म्हणजे तुमचीच गाडी येईल." कल्याणनं दोन बोटांनी नाव टाकलं, आणि त्याचा ट्रक समोर आला. मोबाईलवर तो काड्यापेटीएवढा दिसायचा; इथं त्याच्या टपावरची दोरीसुद्धा दिसत होती, चाकाला लागलेला चिखल दिसत होता. कल्याण खुर्चीत पुढं सरकला. त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला, ॲक्सिलरेटर असल्यासारखा. फहीम मोनालीला म्हणाला, "चला भाभी, तुमाला नोंदीसाठी प्रिंटर दाखवतो," आणि दोघं कल्याणच्या मागच्या कपाटापाशी गेली. प्रिंटर बघताना तिनं सहज मागं पाहिलं. पडद्याच्या उजव्या बाजूला सोबत्यांची यादी उघडली होती. यादी कसली, एकच नाव. लॉट २२१८. आणि त्याच्या शेजारी हिरवा ठिपका.

काल संध्याकाळी टेम्पोतून उतरायची घाई झाली आणि खेळ बंद करायचा राहिला होता. सकाळी बंद करू म्हटलं तर पिन, स्वयंपाक, रिक्षा. मोबाईल चालूच होता, पिशवीत होता, आणि पिशवी कुठं होती? काउंटरवर. कल्याणच्या कोपरापासून दोन वीत लांब. रोज ती लेबलाची बाजू अंगाकडे धरायची. आता लेबल वर होतं. "आज कसा काय हा?" कल्याण स्वतःशीच पुटपुटला आणि टाइप करू लागला. काउंटर काचेचा. पिशवी त्यावर थरथरली तो आवाज सगळ्या दुकानात गेला. "भाभी, फोन," फहीम म्हणाला. "असू द्या. कंपनीतला असंल," ती म्हणाली, चालत गेली, धावली नाही, पिशवी उचलली आणि छातीशी धरून कपाटापाशी परत आली. कल्याणनं वळून पाहिलं नाही. फहीम म्हणाला, "रुका, तो हेडफोन आतून नवा काढतो," आणि आतल्या खोलीत गेला.

पडदा केवढा मोठा आहे हे कल्याणच्या ध्यानातच आलं नव्हतं. आजवर तो तळहाताएवढ्या मोबाईलवर लिहीत होता, तिथं खांद्यामागून कोणाला वाचता येत नसे. इथं सहा हातांवरून मोनालीला अक्षर न् अक्षर दिसत होतं. "आज कसा काय? आज तर तुझी सुट्टी असती." त्याखाली, "कॉम्प्युटर घ्यायला आलोय. बायको संग हे." पिशवी छातीवर थरथरली. "उगं महागाचा घेऊन राह्यली. स्वतःला चप्पल घ्यायची तर चार दुकानं हिंडती. काय झालंय समजंना. धा-अकरा दिवस झाले, पिन लावताना हात कापतो तिचा." मोनालीनं ती ओळ पुन्हा वाचली. म्हणजे बघत होता. भिंतीकडे तोंड असताना बघत होता, आणि दिवससुद्धा बरोबर मोजले होते. त्याची बोटं कीबोर्डावर थांबली. पुन्हा हलली. "तिला सांगून टाकावं म्हणतो ते. लई जड झालं. सांगू का?"

पिशवीत हात घालून तिनं मोबाईल बाहेर न काढताच उजळवला. एवढं सोपं होईल असं तिला वाटलं नव्हतं. 'सांग', दोनच अक्षरं. तिनं ती टाइपही केली. आता बोट ठेवलं की तो घरी जाऊन सांगेल. ती पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकेल, रडेल, आणि रडू तर खरंच येईल, त्यात नाटक करायची गरज नाही. मग तो माणूस दोन दिवसांनी लिहील, बदली झाली भाऊ, आणि निघून जाईल. कोणाला कधीच कळणार नाही. सगळं सुखानं होईल. आणि मग रोज सकाळी पिन लावताना तिच्यापाशी एक लपवलेली गोष्ट असेल. आज काळं, उद्या तांबडं. त्याचं कुत्रं रस्त्यातून उठून गेलं की तिचं येऊन बसणार. त्यानं ते चौदा महिने ओढलं. तिला दोन महिन्यांतच धाप लागली होती. तिला भयंकर भीती वाटत होती. त्यानं हात उगारला असता तर चाललं असतं. तो आणखी गप्प झाला तर काय, याची भीती होती. त्या घरात आणखी गप्प व्हायला जागा राहिली नव्हती.

तिनं 'सांग' पुसलं. कपाटापासून टेबलापर्यंत सहा पावलं होती. मोबाईल बाहेर काढून तिनं कीबोर्डाशेजारी उताणा ठेवला आणि त्याच्याजवळ ती पिशवी, लेबल वर.

कल्याणनं आधी मोबाईल पाहिला. त्याच्यावर त्याचीच ओळ होती. मग लेबल, मग पडद्यावरचं नाव, मग पुन्हा लेबल. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो ते दोन महिने पहिल्यापासून मोजत चालला आहे हे तिला दिसत होतं : पायाची बोटं, लाल सळई, आणि मग ती दुपार. त्या दुपारपाशी तो पोचला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून काही तरी उतरून गेलं, आणि त्यानं हात लांब करून शेजारच्या खुर्चीवरच्या दोन्ही कुबड्या उचलल्या. चालला, तिला वाटलं. तीन पायऱ्या आहेत, कोणाचाही हात न घेता उतरायला जाईल आणि पडेल. ती वाटेतून हलली नाही. कल्याणनं कुबड्या उचलल्या, वळला, आणि त्या भिंतीला टेकवून ठेवल्या. एक घसरून खाली पडली. ती कोणीच उचलली नाही.

शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. मोनाली बसली. बसल्यावर तिला कळलं की पाय केव्हाचे दुखत होते. कल्याण पडद्याकडेच बघत होता. मग त्यानं दोन बोटांनी, अक्षर शोधत शोधत काही तरी लिहिलं, आणि तिच्या पुढ्यातला मोबाईल टेबलावर थरथरला. "फोन कशाला केल्ता?"

रचून ठेवलेली पाचही कारणं तिच्या जिभेवर येऊन गेली. तिनं मोबाईलला हात लावला नाही. "आठवत न्हाई मला," ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "लई आठवून बघितलं. खरंच आठवत न्हाई."

खेळातल्या ट्रकचं इंजिन चालूच होतं. रस्ता सांगायला कोणी नसल्यानं तो जागेवरच उभा होता. मग कल्याणनं कीबोर्डावरचा हात उचलला, मांडीवर ठेवला, पिन होती तिथपर्यंत नेला.

"मंग काई खास नसंल," तो म्हणाला. तोंडानं म्हणाला. तिला रडू फुटलं, आणि तिनं ते पदरात दाबलं, कारण आतल्या खोलीतून फहीमची पावलं वाजत होती.

"हे घ्या भाई, एकदम नवा. माईक एक नंबर." कल्याणनं खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "हे राहू द्या. आन् ते मोठं कार्ड बी नको. बीचवाला बांधा." फहीमनं मोनालीकडे पाहिलं. तिचं तोंड पदराआड होतं, तिनं नुसती मान हलवली. मोठं गिऱ्हाईक हातचं गेल्यासारखा फहीमचा चेहरा पडला, तरी त्यानं धंद्याचा हट्ट सोडला नाही. "कार्ड का ठीक हे. पण हेडफोन न्हाई, मंग खेळताना तुमच्या त्या दोस्ताशी बोलणार कसं?"

"घरीच राह्यतो तो," कल्याण म्हणाला.